गाडी तापते? आधी दोष शोधा, मग पाणी ओता

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा. मे महिन्यात ही नावं रोज पेपरात ४५-४६ च्या आकड्यासोबत छापून येतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्याही दिसायला लागतात. थांबून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "ऊनच तसं आहे ना भाऊ." मग पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी होते, गाडी थोडी पुढे जाते आणि पुन्हा तापते. असं दोन-चार वेळा झालं की हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, गॅस्केट (हेडखालचं सील) जातं, आणि जे काम एका पाइपाच्या किमतीत झालं असतं त्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं.

ज्यांनी पहिल्यांदाच गाडी घेतली आहे, विशेषतः जुनी घेतली आहे, त्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: धडधाकट गाडी ४६ अंशांतही तापत नाही. हिशोब सोपा आहे. इंजिनातलं पाणी साधारण ९५ अंशांवर रेडिएटरमध्ये येतं. डिसेंबरच्या सकाळी बाहेरची हवा २० अंश असेल तर दोघांत ७५ अंशांचा फरक असतो. मेच्या दुपारी हवा ४६ अंश, म्हणजे फरक उरतो ४९. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे या फरकावरच ठरतं. म्हणजे उन्हाळ्यात त्याची ताकद तिसऱ्या हिश्शाने कमी होते. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच रेडिएटर दिलेला असतो. पण तो आधीच अर्धा बुजलेला असेल, पंखा धड फिरत नसेल किंवा पाणी लिटरभर कमी असेल, तर तेच दुखणं हिवाळ्यात झाकलं जातं आणि उन्हाळ्यात वर येतं. उन्हाला दोष देऊन पुढे गेलात तर खरा दोष गाडीतच राहतो.

खालच्या बहुतेक तपासण्या अंगणात, साध्या पान्या-पकडीने होतात. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र नुसतं बघा, खोलू नका.

रस्त्यात तापली तर

काटा वर चढताना दिसला पण अजून लाल खुणेपर्यंत गेला नाही, तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात लावा. उन्हात हे नकोसं वाटतं, पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची बरीच उष्णता ओढून घेतो. या वेळी एक खूण लक्षात ठेवा: काटा चढतोय आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, तर पाणी फार कमी झालं आहे किंवा फिरतच नाही. मग एक मिनिटही पुढे जायचं नाही.

लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सावली दिसेपर्यंत नेऊ म्हणाल तर तेवढ्यात हेड वाकू शकतं. अनेक लहान गाड्यांना आता काटा नसतोच. थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल दिवा, एवढंच असतं. अशा गाडीत लाल दिवा दिसला म्हणजे उशीर झालेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत शांत राहतं. झाकण सैल केलं की दाब एकदम जातो, सगळं पाणी क्षणात उकळतं आणि तोंडावर, छातीवर उडतं. ओला दुपट्टा धरून झाकण फिरवणारे आपल्याकडे खूप आहेत. दुपट्ट्याने हात वाचेल, चेहरा वाचणार नाही. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकणच दाब धरतं. तिथेही हाच नियम. कमीत कमी पाऊण तास थांबा. वरचा जाड रबरी पाइप फडक्याने दाबून बघा, तो मऊ पडला आणि हाताला सोसवायला लागला की मगच झाकण अर्धा फेरा फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, नंतर काढा.

भाजलंच, तर भाजलेल्या जागी २० मिनिटं वाहतं साधं पाणी घ्या आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, शाई, तेल काही लावू नका.

गरम इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच घातक आहे. तापलेल्या धातूला गार पाणी लागलं की हेडला तडा जाऊ शकतो. थांबा, निवू द्या, मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी घाला.

पहिला प्रश्न: कधी तापते?

चांगल्या मिस्त्रीला फोन करून "भाऊ, गाडी लई तापून राहिली" म्हटलं की तो आधी विचारतो, "पहिले हे सांग, उभी असताना तापते की चालताना?" या एका उत्तराने अर्धी शोधाशोध संपते.

बाजारात, रेल्वे फाटकावर, लग्नाच्या मांडवासमोर उभी असताना तापते आणि रस्त्यावर पळायला लागली की काटा खाली येतो, तर दोष बहुतेक पंख्याचा. पळताना समोरून वारा मिळतो, उभं राहिल्यावर तो फक्त पंख्याने मिळतो.

उलट, गावात ठीक चालते पण समृद्धी महामार्गावर शंभर-एकशेवीसच्या वेगाने अर्धा तास गेली की काटा चढतो, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून बुजला आहे, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाही, किंवा वॉटर पंप पाणी नीट ढकलत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा अर्धा चोक झालेला रेडिएटर कधी कळतच नाही. समृद्धीवर पहिल्यांदा नेली की कळतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात तापणाऱ्या गाडीचंही हेच. फक्त तिथे भरलेली गाडी, खालचा गिअर आणि एसी एवढं सगळं एकत्र असेल तर काटा थोडा हलणं स्वाभाविक आहे. थोडा हलून माथ्यावर पुन्हा जागेवर आला तर काळजी नाही.

सकाळी चालू करून पाच-दहा मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाणी नाही, किंवा गॅस्केट गेलं आहे. आणि कधी तापते, कधी नाही, काही ताळमेळच लागत नाही, तर वायरिंग, रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा आत अडकलेली हवा. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा: वेग, एसी चालू की बंद, चढ, किती वेळाने, आणि थंड झाल्यावर किती पाणी मावलं. शेवटचा आकडा मिस्त्रीला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

सकाळी, इंजिन थंड असताना

रात्रभर उभी राहिलेली गाडी ही तपासणीची खरी वेळ. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा किंवा सिमेंटच्या गोणीचा कागद अंथरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर गळती कुठे आहे हे कागदच सांगतो. हिरवा, लाल, गुलाबी आणि चिकट डाग कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमध्ये भरायच्या रंगीत द्रवाचा. काळा-तपकिरी ऑइलचा. एसी चालवल्यावर खाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी हे एसीचंच असतं, त्याला घाबरू नका.

आता कूलंटची बाटली बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पण बाटली भरलेली दिसली म्हणून समाधान मानू नका. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते उघडून आत तोंडापर्यंत पाणी आहे का बघा. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, असं आढळलं तर झाकण खराब आहे. गरम झाल्यावर पाणी बाटलीत जातं, थंड झाल्यावर ते परत ओढून घेण्याचं काम झाकणातल्या छोट्या झडपेचं असतं. झाकणाचं रबर कडक झालंय का, त्याला चीर आहे का, स्प्रिंग दबते का, हे बघा. नवीन घेताना जुन्यावरचाच आकडा घ्या. "जास्त दाबाचं बसवा, तापणार नाही" असं कुणी म्हणेल, ऐकू नका. जुने पाइप त्या दाबाने फुटतात.

झाकणाच्या आत बोट फिरवा. बोटाला तांबूस गाळ किंवा पांढरी खरखरीत पूड लागली तर ती आपल्या पाण्याची देणगी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला भाग, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं असतं. ते रेडिएटरमध्ये गेलं की अॅल्युमिनियम आतून खातं. पट्ट्याच्या बाहेरही बोअरचं पाणी जड असतं. जे क्षार घरच्या गीझरला आणि कूलरच्या जाळीला धरतात तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात, आणि त्या थरातून उष्णता बाहेर पडत नाही. अडचणीच्या वेळी जे मिळेल ते पाणी घालावंच, इंजिन वाचवणं आधी. पण घरी आल्यावर ते काढून टाका. कायमचं भरायचं ते कूलंट आणि बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर). बॅटरीचं पाणी तालुक्याच्या कोणत्याही बॅटरीच्या दुकानात कॅनने मिळतं. गावातल्या आरओच्या जारचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण बॅटरीच्या पाण्याची बरोबरी नाही.

ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल कमी असलं तरी इंजिन तापतं. पट्टीवर दुधाळ तपकिरी फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय, इंजिन चालू करू नका. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दिसला आणि पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असलं तर तो बहुधा छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे जमलेल्या वाफेचा असतो.

बेल्ट बघा: चिरा, चकाकी, सैलपणा. नंतर सगळे रबरी पाइप दाबून बघा. वरचा, खालचा आणि हीटरकडे जाणारे दोन बारीक. खूप मऊ, फुगलेला किंवा दाबल्यावर करकर आवाज करणारा पाइप बदलायचा. क्लिपजवळ पांढरा किंवा हिरवट सुकलेला थर दिसला तर तिथून पाणी झिरपतं, गरम असताना लगेच उडून जातं म्हणून थेंब दिसत नाही. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का हेही बघा. ते वायर तर खातातच, बारीक पाइपही खातात.

रेडिएटर पुढून नाही, मधून बघा

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण विदर्भात खेड्यातली गाडी तापण्यामागे हे कारण फार वेळा निघतं आणि फार वेळा सुटतं.

जाळीतून डोकावलं की जे दिसतं तो रेडिएटर नसतो. एसी असलेल्या गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असतो आणि त्याच्या मागे बोटभर अंतरावर रेडिएटर. पुढचा भाग स्वच्छ दिसतो, आणि कचरा अडकतो तो या दोघांच्या फटीत. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढे, जिनिंगच्या रस्त्याने आणि कापसाच्या गाड्यांमागून गाडी चालवली की हवेतला कापूस आत ओढला जातो. त्यावर सोयाबीनच्या मळणीतलं कुटार बसतं, त्यावर पांदण रस्त्याची धूळ. गोंदिया-भंडाऱ्याकडे कापसाऐवजी धानाचा तूस. वरच्या बाजूचे दोन नट काढून रेडिएटर बोटभर मागे झुकवला की कधी कधी गादीच्या कापसासारखा सलग थर हातात येतो, एका बाजूला जाळीचे ठसे उमटलेला. अशा रेडिएटरमध्ये आतलं पाणी कितीही चांगलं असू द्या, वारा जातच नाही.

तपासायचं कसं? मोबाइलचा टॉर्च इंजिनाच्या बाजूने रेडिएटरवर धरा आणि पुढून बघा. उजेड सगळीकडे सारखा आरपार यायला हवा. जिथे अंधार, तिथे कचरा.

धुवायचं ते इंजिन थंड असताना, आतून बाहेर. म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढच्या जाळीकडे, साध्या नळीने, हलक्या धारेने. पुढून मारलेलं पाणी कचरा आणखी आत ठोसतं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने जवळून धार मारली तर रेडिएटरच्या पातळ पत्र्या आडव्या पडतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. फवारणीचा पंप, स्वच्छ धुतलेला आणि औषधाचा अंशही नसलेला, या कामाला उत्तम चालतो. पंख्याची मोटर आणि वायरीचे जोड पिशवीने झाका.

एवढं करूनही गाडी वेगात तापत असेल तर नळ्या आतून बुजल्या असतील. गाडी गरम करा, इंजिन बंद करा, आणि पंख्याच्या वायरीची पिन काढून रेडिएटरच्या अंगावर जागोजागी हाताच्या मागच्या बाजूने जवळून अंदाज घ्या. मधेच गार पट्टा लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. हे काम इन्फ्रारेड थर्मामीटरने जास्त नेमकं होतं. मात्र कोरोनाच्या काळात आलेली कपाळावर धरायची बंदूक यासाठी चालत नाही, ती शरीराच्या तापाएवढंच मोजते. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून नळ्यांत सळी घालून साफ करता येतात, त्याला रॉडिंग म्हणतात. हल्लीचे अॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचे रेडिएटर असे साफ होत नाहीत, बदलावेच लागतात.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय आपल्याकडे जुना आहे. बारीक गळती तात्पुरती थांबते, हे खरं. पण ती हळद छिद्राबरोबर बारीक नळ्या आणि हीटरही बुजवते. शहर गाठण्यापुरतं केलं असेल तर पोहोचल्याबरोबर सगळं धुऊन काढा.

पंखा

चालत्या इंजिनावर वाकण्याआधी गळ्यातला, डोक्याचा दुपट्टा काढून ठेवा. ओढणी, मंगळसूत्र, सैल बाही, सगळं बाजूला. विजेचा पंखा चावी बंद असतानाही काही गाड्यांत आपोआप सुरू होतो, म्हणून पात्यांत हात घालण्याआधी त्याची पिन काढा.

गाडी उभी ठेवून चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरायला लागतो. फिरला, म्हणजे मोटर ठीक. आता एसी बंद करून इंजिन तसंच चालू राहू द्या. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा आणि काही वेळाने बंद. एसीवर फिरतो पण तापल्यावर नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. दोन्ही वेळा नाही, तर क्रमाने जा. आधी फ्यूज. मग रिले: फ्यूजच्या डब्यात तोच नंबर असलेला दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघा. मग जोडाची पिन जळाली, गंजली आहे का. शेवटी मोटरला बॅटरीवरून थेट दोन जाड वायरींनी, मधे फ्यूज लावून, करंट द्या. तरी फिरली नाही तर मोटर गेली. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकल्यावर फिरली तर आतले ब्रश संपत आले आहेत. आज चालली म्हणून उद्याची खात्री नाही.

पंखा फिरतोय, पण वारा कुठे जातोय? पेपरचं एक पान पुढच्या जाळीवर धरा आणि सोडा. ते जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. खाली पडलं किंवा उडालं तर एकतर पंखा मंद आहे, रेडिएटर बुजलाय, किंवा मागच्या दुरुस्तीत वायरी उलट जोडल्यामुळे पंखा उलटा फिरतोय.

बोलेरो, सुमो यांसारख्या जुन्या डिझेल गाड्यांत पंखा बेल्टवर, चिकट तेलाच्या कपलिंगवर असतो. इंजिन बंद आणि थंड असताना तो हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. एका टिचकीत गरगर फिरत राहिला आणि मधल्या तबकडीवर तेलकट धूळ दिसली तर कपलिंगमधलं तेल गेलंय.

थर्मोस्टॅट: काढून टाकू नका

"उन्हाळ्याचा थर्मोस्टॅट काढूनच टाकतो" असं सांगणारे मिस्त्री अजून आहेत. यावर माझं मत स्पष्ट आहे: नको. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. तापल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत येतं आणि गाडी वेगात आणखी तापते. ज्या इंजिनांत असं होत नाही तिथे इंजिन नको तितकं थंड राहतं, पेट्रोल-डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते.

तपासणी साधी. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि वरचा जाड पाइप अधूनमधून फडक्याने चाचपत राहा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. काही मिनिटं तो गारच राहील, मग थर्मोस्टॅट उघडला की एकाएकी गरम होईल. काटा वर गेला तरी वरचा पाइप गार, तर थर्मोस्टॅट अडकला. वरचा चटके देणारा आणि खालचा गारच, तर पाणी रेडिएटरमधून पुढे सरकत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे हीच खूण थर्मोस्टॅटचीही असू शकते, म्हणून आधी तो कुठे आहे ते बघून घ्या.

शंका असेल तर काढून दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या अंशाला तो हलायला लागतो आणि पाणी खळखळून उकळेपर्यंत सहा-आठ मिलिमीटर उघडलेला दिसायला हवा. उघडलाच नाही, किंवा निम्माच उघडून थांबला, तर बदला. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

वॉटर पंप आणि गॅस्केट

वॉटर पंपाला, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडीही म्हणतात, खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ओघळतं. इंजिन बंद असताना पुली धरून हलवा, खडखडली तर बेअरिंग गेलंय. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या आत असतो, तो दिसत नाही. तिथे हात घालू नका, ते गॅरेजचं काम आहे.

गॅस्केटची तपासणी थंड इंजिनावरच करायची. झाकण उघडा, रेडिएटर तोंडापर्यंत भरा, कुणाला तरी गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही बाजूने, तोंड लांब ठेवून, पाण्याकडे बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. पहिल्या मिनिटापासून एकसारखे बुडबुडे येत राहिले, रेस दिली की पाणी उसळून बाहेर आलं, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. एक-दोन मिनिटांत इंजिन बंद करा. याच्या जोडीला सकाळी सुरू करताना गाडी थरथरणं, बराच वेळ गोडसर वासाचा पांढरा धूर, कुठेही डाग न पडता पाणी कमी होत जाणं, आणि चालू केल्यावर लगेच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, यांतल्या दोन-तीन खुणा जुळल्या तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. चांगल्या गॅरेजात रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव असलेली नळी लावून खात्री करतात, गॅस असेल तर त्याचा रंग बदलतो. हेड खोलण्याआधी ही चाचणी मागून घ्या. हेड उतरवलंच, तर ते सपाट आहे का हे तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.

आणखी एक जागा राहते. पुढे बसणाऱ्याच्या पायाखालचं कार्पेट ओलं, काचांवर चिकट वाफ, गाडीत गोड वास, अशी चिन्हं असतील तर पाणी आतल्या हीटरमधून गळतंय.

पाणी काढणं, भरणं आणि हवा

दोष दूर केल्यावर जुनं पाणी घमेल्यात काढा, अंगणात सोडू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं, शेळी, वासरू ते चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. शिल्लक कूलंट थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवायचं नाही, घरात लेकरं असतात. विहिरीजवळ, नालीत ओतू नका. जुनं ऑइल जिथे देता तिथेच हेही द्या.

साध्या स्वच्छ पाण्याने भरून, गाडी गरम करून, थंड करून, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट, तयार मिश्रण असेल तर तसंच, घट्ट असेल तर बॅटरीच्या पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात. बहुधा ते निम्मं-निम्मं असतं. रंगावर जाऊ नका. हिरव्यात हिरवं चालेलच असं नाही, डब्यावरचा प्रकार वाचा.

भरताना गाडीचं नाक चढाकडे करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हळूहळू ओता. झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू करा, वरचा पाइप हलके हलके दाबा, बुडबुडे निघतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. काही गाड्यांत हवा काढायचा छोटा स्क्रू वर दिलेला असतो, तो सैल करून पाणी यायला लागलं की आवळा. पाणी वर चढायला लागलं की झाकण लावा. पंखा दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा, हीटरमधून सारखी गरम हवा येते का बघा.

मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरची आणि बाटलीची पातळी बघा. हवा निघाल्यामुळे थोडी खाली गेलेली असेल, तेवढी भरा आणि बाटलीवर मार्करने खूण करा. आठवडाभर रोज सकाळी त्या खुणेकडे नजर टाका. पातळी पुन्हा उतरत असेल तर पुठ्ठा अंथरून गळतीपासून सुरुवात करा, आणि पुठ्ठा कोरडाच राहिला तर गॅस्केटच्या बुडबुड्यांकडे वळा.